थंड, गरम आणि माणिकराव

ज्या वर्षी बोंडअळी न लागणाऱ्या बीटीच्या कपाशीतही गुलाबी बोंडअळी निघाली, त्या वर्षी पिंपळगाव राजाजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, चीनमधून नवीन यंत्र आलं आणि ते बसवायला चीनमधूनच एक माणूस आला. यंत्र मोठाल्या खोक्यांतून आलं. माणूस खामगावहून काळीपिवळी जीपमध्ये मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसून आला. त्याचं नाव गाओ.

गाओ पन्नाशीचा, ठेंगणा आणि कायम पूर्ण बाह्यांच्या शर्टात असणारा फिटर होता. आधी काही वर्षं तो सुरतला कापडाची यंत्रं बसवत होता, त्यामुळे त्याला हिंदी येत होती. त्या हिंदीत क्रियापदं कमी होती, पण फळांची नावं सगळी होती.

कय्यूमची आणि त्याची ओळख फळांवरूनच झाली. बसस्टँडसमोर कय्यूमची फळांची हातगाडी होती, त्याच्या वडिलांच्या वेळेपासून. पूर्वी आंबे, बोरं, जांभळं आसपासच्या शेतांच्या धुऱ्यांवरून, बांधांवरून यायची. कपाशीला सावली नको म्हणून लोकांनी धुऱ्यांवरची झाडं तोडली, तेव्हापासून कय्यूम पहाटे खामगावच्या अडतीत जाऊन माल आणत होता. माल आणायचा, रचायचा आणि संध्याकाळपर्यंत उभं राहायचं. त्याची कुणाबद्दल तक्रार नव्हती.

पाऊस उघडला होता आणि ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं होतं. जिनिंगची सुट्टी झाल्यावर गाओ गाडीपाशी आला, सगळी फळं नीट पाहिली आणि नासपती उचलली.

"हवा सूखा," तो म्हणाला. "नासपती गीला. अच्छा."

कय्यूमला हे पटलं. मग गाओनं संत्र्यांकडे बोट दाखवलं. "ये गरम. थोड़ा खाना."

कय्यूमनं हातातला तराजू खाली ठेवला. संत्र्याला गरम म्हणणारा माणूस त्यानं या बाजूला आजवर पाहिला नव्हता. गिऱ्हाईक म्हणून तो काही बोलला नाही, पण घरी जाऊन बायकोला, सरवरीला, सांगितलं. सरवरीला सगळ्या खाण्याची तासीर तोंडपाठ होती. पपई गरम, आंबा गरम, पेरू थंड, संत्रं थंड. तिच्या आईनं तिला हे शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईनं.

दुसऱ्या दिवशी सरवरी स्वतः गाडीवर आली आणि ओढणी सारखी करत गाओला म्हणाली, "संत्रं ठंडं हाये. सर्दी झाली का आमी देतच नाई."

"सर्दी में छिलका," गाओ म्हणाला. "छिलका सुखाओ, पानी में डालो. अंदर का गरम. ज़्यादा खाओ, मुंह में छाला."

"छाला संत्र्यानं नाई येत. छाला मिरचीनं येते."

"मिर्ची भी गरम," गाओनं मान्य केलं.

बराच वेळ बोलणं चाललं. टरबूज थंड, आलं गरम, बर्फाचं पाणी पोटाचं वाटोळं करतं, माणसाच्या आत थंड आणि गरम सारखं असलं म्हणजे तब्येत ठीक, यावर दोघांचं एकमत झालं. पोट म्हणजे चूल आहे हे तर दोघं एकाच वेळी बोलले. संत्र्यावर मात्र कुणी मागं हटलं नाही. सीताफळ गाओनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. ते विकत घेऊन, खाऊन, रात्रभर पोटाकडे लक्ष ठेवूनही ते थंड की गरम हे तो ठरवू शकला नाही. आपल्याला माहीत नाही, असं त्यानं सरवरीला सांगितलं. त्यामुळे सरवरीच्या मनात त्याच्याबद्दल थोडा आदर निर्माण झाला.

जीभ बघण्याचा प्रकार झुंबरबाईपासून सुरू झाला. ही बाई कय्यूमच्या शेजारी बांगड्यांचं दुकान लावायची आणि तिचं तोंड आलं होतं. गाओनं ऐकलं, तिला जीभ बाहेर काढायला सांगितली, उजेडाकडे वळवून पाहिली आणि म्हणाला, "अंदर आग." नासपती उकळून खा, तिखट खाऊ नको, गरम फळं बंद. झुंबरबाईचं तोंड थोड्याच दिवसांत बरं झालं. तोंड दुखतं म्हणून तिनं त्याच दिवसांत तंबाखूची मिश्रीही सोडली होती, पण ते कुणी धरलं नाही.

मग गाडीपाशी रांग लागायला लागली. आपल्याकडे लोकांना रांग दिसली की आपणही उभं राहावंसं वाटतं. लोक येत, जीभ बाहेर काढत आणि गाओ आतल्या थंड-गरमाचा हिशेब सांगत असे. मी डॉक्टर नाही, माझी आई घरातल्यांच्या जिभा बघायची तेवढंच मला येतं, मी यंत्रं बसवतो, असं तो प्रत्येकाला आधी सांगायचा. लोकांना तो त्याचा मोठेपणा वाटायचा. उकंडराव नावाचे एक म्हातारे गृहस्थ रोज जीभ दाखवायचे. रोज एकच उत्तर मिळायचं. तरी ते समाधानानं घरी जायचे.

कय्यूमनं गाडीचे दोन भाग केले. उजवीकडे गरम, डावीकडे थंड. संत्री त्यानं मधोमध ठेवली, कारण त्याला दोन्हीकडे राहायचं होतं, गाडीवर आणि घरी. सीताफळांची टोपली खाली जमिनीवर वेगळी ठेवली. विक्री वाढली. डावीकडचा माल आधी संपायचा, कारण ऑक्टोबरात सगळ्यांच्या अंगात गरमच निघत होतं.

माणिकराव या रांगेत कधी उभा राहिला नव्हता. त्याचं शेत गावापासून जवळच होतं, सगळं कपाशीखाली. माणूस फार बोलायचा नाही. त्याच्या बायकोनं, कलाबाईनं, एकदा म्हटलं होतं, "तुमी बी दाखवून पाहा ना जीभ." त्यावर तो म्हणाला होता, "कायले? मले दिसते ना आरशात."

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी अळ्या. दुकानदार एकात एक औषधं मिसळून द्यायचा आणि लोक पाठीवर पंप घेऊन त्या उंच झाडांत शिरायचे. औषध वरून अंगावरच पडायचं. माणिकराव सकाळपासून फवारत होता. दुपार कलल्यावर त्यानं पंप बांधावर ठेवला आणि केळी घेऊन घरी जावं म्हणून बसस्टँडवर आला.

"माणिकराव, आले का तुमीबी जीभ दाखवाले?" उकंडराव रांगेतून म्हणाले.

 माणिकराव गाडीचा कठडा धरून उभा राहिला आणि मग हळूच खाली सीताफळांच्या टोपलीशेजारी बसला. शर्ट अंगाला चिकटला होता. तोंडातून लाळ गळत होती आणि ती पुसायला हात वर जात नव्हता.

"ऊन लागलं," झुंबरबाई म्हणाली. "कांदा हुंगवा."

"मोसंबी पिळा त्याले, मोसंबी. डाव्या बाजूची," उकंडराव म्हणाले.

कय्यूमनं सुरी घेतली, मोसंबी कापली आणि विचारलं, "गाओ भाई, थंड देऊ ना?"

गाओ समोरच्या माणसाची जीभ पाहत होता. त्यानं वळून पाहिलं आणि त्या माणसाला जीभ बाहेर असतानाच सोडून माणिकरावपाशी येऊन बसला. त्यानं जीभ पाहिली नाही. बोटांनी पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली होती. मग शर्टाचा वास घेतला.

"कपास? दवाई?"

"हाव," कय्यूम म्हणाला. "फवारणी करते तो. थंड देऊ का गरम?"

"कुछ नहीं!" गाओ ओरडला. त्याचा आवाज एवढा मोठा होतो हे कुणाला माहीत नव्हतं. "मुंह में कुछ नहीं! हॉस्पिटल! अभी!"

आणि त्यानं बसस्टँडसमोर, सगळ्यांदेखत, माणिकरावचा शर्ट फाडून काढला. फळं धुवायची बादली उचलून त्याच्या अंगावर ओतली, कय्यूमकडून साबण मागितला आणि छाती, हात, मान चोळायला लागला. रांगेतल्या काही जणांना हे आवडलं नाही. भर रस्त्यात माणसाला असं उघडं करायचं हा काय इलाज झाला, असं एक जण म्हणाला. एवढी जीभ बघणारा माणूस दवाखान्यात जा म्हणतो, मग त्याला काय येतं, असं दुसरा म्हणाला.

कय्यूमनं खामगावकडे निघालेली काळीपिवळी आडवं होऊन थांबवली. गाओ आणि तो माणिकरावला घेऊन बसले. गाडीकडे लक्ष ठेवा, असं कय्यूमनं उकंडरावांना सांगितलं. उकंडरावांनी लक्ष ठेवलं. रात्रीपर्यंत त्यांनी काही खाल्लं ते फक्त डाव्या बाजूचं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विषबाधा ओळखली, लगेच इंजेक्शनं सुरू केली, आणि उशीर झाला असता तर कठीण होतं असं सांगितलं. कलाबाई कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आली. ती रडली नाही. तिनं नवऱ्याच्या तळपायाला हात लावून पाहिला आणि खाली फरशीवर बसली.

कय्यूम आणि गाओ बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. कय्यूमनं चहा आणला. गाओनं तो हातात धरून ठेवला.

"तुमाले कसं समजलं?" कय्यूमनं विचारलं.

 गाओनं त्याच्या तुटक हिंदीत, मध्येमध्ये शब्द शोधत, सांगितलं. त्याचं गाव चीनमध्ये कपाशीच्याच मुलखात होतं. तो तरुण असताना तिकडे अशीच अळी आली होती. तेव्हा बीटी नव्हतं. अळी औषधानं मरायची थांबली, मग लोक आणखी औषध मारायला लागले. त्याचा मोठा भाऊ भर उन्हात फवारून घरी आला आणि अंगात फार गरम होतंय म्हणाला. त्यांच्या आईला थंड-गरमाचं सगळं कळायचं. आसपासच्या बायका तिला विचारायला यायच्या. तिनं त्याची जीभ पाहिली, अंगात उष्णता झाली म्हणाली आणि मुगाचं पाणी उकळून, निववून त्याला प्यायला दिलं. मूग थंड असतो, विष उतरवतो, असं तिकडे सगळेच मानतात. भाऊ ते प्यायला आणि झोपला. सकाळी उठला नाही.

 कय्यूम म्हणाला, "अम्मीले काय ठाऊक."

"माँ अच्छी," गाओ म्हणाला. "मूंग भी अच्छा. दवाई..." तो हिंदी शब्द शोधत राहिला. "दवाई ठंडा नहीं, गरम नहीं. दवाई दूसरा चीज़."

मग त्यानं गार झालेला चहा पिऊन टाकला. एरवी तो गार काही पीत नसे.

माणिकराव वाचला. त्याला घरी आणलं तेव्हा तो चालत आत आला, पण अंगात जीव नव्हता आणि अन्न समोर आलं की तोंड फिरवायचा. सगळ्याला औषधाचा वास येतो म्हणायचा. हलकं द्या, पचेल ते द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एवढ्यावर कलाबाईचं समाधान झालं नाही. तिनं जिनिंगवर निरोप पाठवून गाओला बोलावून घेतलं.

गाओ आला. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्यासमोर तो क्षणभर थांबला, मग दाराशीच बसला. कलाबाई म्हणाली, "जयभीम." त्यानंही "जयभीम" म्हटलं. हा शब्द तो जिनिंगच्या मजुरांकडून शिकला होता.

"आता सांगा दादा, यायले काय खाऊ घालू? थंड का गरम?"

"मैं फिटर," गाओ म्हणाला.

"सबन गावाले सांगता, अन् मलेच काऊन नाई सांगत?"

"अब किसी को नहीं."

हे खरं होतं. दवाखान्यातून आल्यापासून त्यानं कुणाची जीभ पाहिली नव्हती. गाडीवर यायचा, नासपती घ्यायचा, रांगेकडे पाठ करून निघून जायचा. रांग दोन-चार दिवस तशीच उभी राहिली आणि मग मोडली. उकंडराव सर्वांत शेवटी गेले.

तेवढ्यात कय्यूम आणि सरवरी आले. सरवरीनं डबा आणला होता. तिनं झाकण काढलं. मुगाच्या डाळीची पातळ, पाणीच पाणी खिचडी.

गाओनं डब्यात पाहिलं. तो उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला.

"काय झालं याले?" सरवरीनं विचारलं. "तिखट नाई टाकलं मी."

कय्यूमनं तोपर्यंत ती गोष्ट घरी सांगितली नव्हती. आता त्यानं ती दोघींनाही सांगितली. सरवरी डब्याचं झाकण लावायला लागली. कलाबाईनं तिचा हात धरला.

"राहू दे, बाई."

ती बाहेर आली. गाओ गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता. बांधावरून आणून ठेवलेला फवारणीचा पंप तिथेच पडला होता. कलाबाईनं तो उचलून त्याच्यापुढे उभा केला. गावात याला सगळे चायना पंप म्हणत. त्याच्यावर चिनी अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं आणि ते आजवर कुणी वाचलं नव्हतं.

"हे तुमच्या लिपीत हाये ना? वाचा."

गाओनं चष्मा लावला. "पंप सीधा रखो."

"अजून?"

"ढक्कन टाइट. काम बाद धोना."

"अन् मानसाबद्दल?"

गाओनं पंप फिरवून पाहिला. उलटा करून तळाशीही पाहिलं. "आदमी का कुछ नहीं," तो म्हणाला.

कलाबाईनं पंप त्याच्या हातातून घेतला आणि गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवून दिला. "तुमच्या भावाले जे देल्लं ते देल्लं. तुमच्या मायनं त्याले मारलं नाई, दादा. अन् ही खिचडी यायच्यासाठी हाये. यायचं जहर दवाखान्यात उतरलं, आता फकस्त भूक लागाची हाये. चला, आत बसा. तुमी असले का खातीन ते. तुमचा भेव वाटते त्यायले."

माणिकरावला खरंच गाओचा थोडा धाक वाटत होता. ज्या माणसानं भर बसस्टँडवर आपला शर्ट फाडला तो पुढे काय करेल याचा त्याला भरवसा नव्हता. गाओ आत येऊन त्याच्यासमोर बसला आणि ताटाकडे पाहत राहिला. माणिकरावनं एक घास घेतला. मग दुसरा घेतला.

"वास येते?" कलाबाईनं विचारलं.

"थोडा थोडा," माणिकराव म्हणाला आणि खात राहिला.

सरवरीनं गाओपुढेही वाटी ठेवली. तो वाटीकडे बघत बसला. मग त्यानं चमच्यानं चाखलं, आणखी चाखलं आणि विचारलं, "अदरक?"

"हाव. मूग ठंडा असते म्हनून अद्रक टाकलं. बरोबरी होते."

गाओनं मान हलवली. त्याच्या आईनं अद्रक टाकलं नसतं, तो म्हणाला, पण हेही बरोबर आहे. वाटी त्यानं पूर्ण संपवली.

त्यानंतर तो जिनिंगच्या सुट्टीला, रविवारी, त्यांच्या घरी यायला लागला. कधी नासपती आणायचा, कधी नुसताच यायचा. माणिकराव आणि तो अंगणात एकमेकांशेजारी बसायचे. दोघांनाही बोलायची हौस नव्हती, त्यामुळे त्यांचं चांगलं जमलं.

माणिकरावनं त्या साली पुन्हा पंप पाठीवर घेतला नाही. अळीनं हवं ते खाल्लं. जी बोंडं उरली ती फुटली, आणि कलाबाई ती वेचत होती. आसपासही तीच गत होती, म्हणून नवीन यंत्र सुरू झालं तरी त्याला पुरेसा कापूस मिळेना. यंत्र छान चालत होतं. ते रिकामं चालवून गाओनं मालकाला दाखवलं आणि त्याचं काम संपलं.

जायच्या आधीच्या रविवारी तो सकाळीच आला आणि त्यानं खिशातून मोबाइल काढला. तिकडे त्याची वहिनी राहत होती, भावाची बायको. तिला त्यानं माणिकरावबद्दल सांगितलं होतं आणि तिला त्याला बघायचं होतं.

पडद्यावर एक पांढऱ्या केसांची बाई दिसली. जाड कोट घातलेला, मागे नासपतीची निष्पर्ण झाडं. ती फोन फार जवळ धरत होती, त्यामुळे कधी कपाळ दिसायचं, कधी हनुवटी. कलाबाईनं फोन हातात घेतला आणि एकदम मोठ्या आवाजात विचारलं, "जेवली का, बाई?"

तिकडून त्याच वेळी ती बाईही काहीतरी बोलली.

"काय म्हनते?"

"वही," गाओ म्हणाला. "खाना खाया क्या, पूछती है."

दोघींनी हो म्हणून माना हलवल्या. मग कलाबाईनं कोपऱ्यातलं एक किडकं बोंड आणून फोनसमोर फोडलं आणि आतली गुलाबी अळी दाखवली. त्या बाईनं ती पाहिली आणि तोंडानं च्यक् केलं. ते भाषांतर करायची गरज पडली नाही. मग तिनं काहीतरी विचारलं आणि गाओनं माणिकरावला फोन दिला.

माणिकरावनं तो दोन्ही हातांत धरला, पासपोर्टचा फोटो काढताना बसतात तसा ताठ बसून. ती बाई त्याच्याकडे बघत राहिली. माणिकरावही बघत राहिला. तिनं एकदा बाहीनं डोळे पुसले, मग पुन्हा बघायला लागली. शेवटी ती एक वाक्य बोलली.

"काय म्हने?" कलाबाईनं विचारलं.

"बोलती है, बहुत दुबला है."

"तिले सांगा," कलाबाई म्हणाली, "लगनात याहून वाळला होता."

गाओनं सांगितलं. ती बाई हसली, पुढे आणखी काही बोलली, पण तेवढ्यात नेटवर्क गेलं आणि तिचं तोंड अर्धवट उघडं असतानाच पडदा थांबला. थोडा वेळ वाट पाहून कलाबाईनं फोन गाओला परत दिला, डोक्याला फडकं बांधलं आणि कापूस वेचायला निघाली. ऊन चढत होतं. गाओनं आणि माणिकरावनं एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघंही उठून तिच्या मागं शेताकडे चालायला लागले.